न वाचायच्या ओळी

पंचवटीतल्या उपेंद्र पाराशरे यांना कुणी विचारलं, की तुम्ही करता काय, तर ते म्हणत, ‘मी वाचतो.’ समोरचा माणूस मग कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांवर घसरे आणि त्यांना खुलासा करावा लागे. त्यांच्या घरी एकशे चौदा वह्या होत्या. तीर्थोपाध्यायांकडे असतात तशा, लांबट, कापडी पुठ्ठ्याच्या, लाल दोऱ्यानं बांधलेल्या. रामकुंडावर अस्थी घेऊन, नाहीतर पर्वणीच्या स्नानाला जो यजमान येई, त्याचं गाव, आडनाव, बाप, आजा, भाऊ, मुलंबाळं, कोण कधी गेलं, कोणत्या कामाला कोण आलं होतं, असं सगळं पाराशऱ्यांच्या सहा पिढ्या त्या वह्यांत लिहीत आल्या होत्या. पुढे कधी त्याच घरातलं माणूस आलं की वही उघडायची आणि त्याला त्याचं घराणं वाचून दाखवायचं. उपेंद्रगुरुजींचं वाचणं म्हणजे हे.

आणि ते वाचत फार चांगलं. आवाज भारदस्त, घाई नाही, नावाला नाव जोडून गेल्यासारखं होत नाही. आयुष्यात कुणापुढे मान न झुकवलेला एखादा सरपंच खापरपणजोबाचं नाव ऐकून उपरण्यानं डोळे पुसू लागे. गुरुजींना त्याचं नवल राहिलं नव्हतं, पण ते मनातून सुखावत, हे त्यांची बायको संध्याताई ओळखून होत्या.

खरं तर त्यांना बँकेत जायचं होतं. बी.ए. झाले, परीक्षा पास झाले, नेमणुकीचं पत्रही आलं. त्याच आठवड्यात वडिलांची उजवी बाजू लुळी पडली. सहा महिने सांभाळू, मग बघू, असं म्हणून ते घाटावर उतरले, त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. मोडी त्यांनी आजोबांकडून पाटीवर गिरवली होती, तिचा उपयोग झाला. वडिलांनी अंथरुणावरून बाकीचं शिकवलं, आणि त्या बाकीच्यात सगळ्यांत अवघड होतं ते टिंब.

वहीतल्या काही ओळींच्या आधी शाईनं काढलेलं एक बारीक पोकळ टिंब असे. विहिरीत जीव दिलेली सून, तुरुंगात गेलेला मुलगा, घर सोडून भलत्याच माणसाबरोबर गेलेली लेक, अशांच्या त्या ओळी. यजमान स्वतःच खाली मान घालून सांगे, लिहून ठेवा, पण आमच्या तोंडावर वाचू नका. लिहू नका, असं मात्र कुणी म्हणत नसे. घरातून घालवलेल्या माणसाला वहीतूनही घालवायचं धाडस कुणाला होत नसावं. टिंब दिसलं की वाचणाऱ्यानं आवाज न हलवता, श्वास न तोडता पुढच्या ओळीवर जायचं. ऐकणाऱ्याला मध्ये काही सुटल्याचा संशयसुद्धा येता कामा नये. एकदा टिंब पडलेल्या माणसाची पुढची नोंदही टिंबानंच सुरू व्हायची, अशी घरची रीत होती. उपेंद्रगुरुजींना हे जमायला चार वर्षं लागली, आणि एकदा जमल्यावर त्यांची नजर टिंबाच्या ओळीवर थांबेनाशीच झाली.

या टिंबानं त्यांना कधी अडचणीत आणलं नव्हतं. एकदा आणायला आलं होतं, पण तेव्हा ते सहज निभावून गेले. २०१४ साली सिन्नरकडचे उगले निवृत्ती उगल्यांच्या अस्थी घेऊन आले होते. पुढे निवृत्तीचा मुलगा शेखर, मागे चार पुरुष, आणि त्यांच्याही मागे निवृत्तीची बहीण बयाबाई, सायखेड्याला दिलेली. गुरुजींनी वही उघडून उगल्यांचं घराणं वाचलं. वाचून संपलं तसे पुरुष पायऱ्यांकडे निघाले. बयाबाई मात्र पदर सावरत जागच्या जागी उभ्या राहिल्या.

“आमच्या घरची सगळी नावं वाचली का, गुरुजी?”

“सगळी,” गुरुजी म्हणाले.

“ऱ्हायलं नाय ना कोनी?”

“आत्या, चला, उशीर होतोय,” शेखरनं हाक दिली, आणि बयाबाई गेल्या.

त्या कुणाबद्दल विचारत होत्या हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. धाकटा भाऊ काळू. १९७३ साली वडील सावळीराम उगले यांनी घाटावर येऊन लिहवून घेतलं होतं, की काळूनं परजातीत लग्न केलं, घर सोडलं, त्याचं नाव आमच्यापुढे घेऊ नये. ती ओळ गुरुजींच्या वडिलांच्या हातची होती, तिच्या आधी टिंब होतं, आणि टिंब शिकवताना वडिलांनी तीच दाखवली होती. बहिणीला हे ऐकवून काय मिळालं असतं? भाऊ घर सोडून गेला हे तिला माहीत होतंच. भाच्यासमोर शोभा झाली असती ती वेगळी. गुरुजींना आपण वागलो ते बरोबरच वाटलं आणि संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेले. आपल्या काळूचं पुढे काय झालं, एवढंच त्या बाईला हवं होतं, आणि ते मिळायची जगात एकच जागा होती, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

दहा वर्षांनी विद्यापीठ त्यांच्या घरी आलं.

नाशिकच्या एका विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेचं नवं केंद्र निघालं होतं, आणि त्यात कला, मानव्यविद्या आणि अभियांत्रिकी या तिघांनी मिळून काम करायचं, असं वरून ठरलं होतं. तीन विभागांची तीन माणसं गुरुजींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोहे खात बसली आणि तिघांनी तीन वेगळ्या वस्तू पाहिल्या. ललितकलेचे प्राध्यापक मोडीच्या वळणावर लुब्ध होऊन भिंगातून नुसतेच बघत राहिले. इतिहासाच्या मृण्मयीला त्यात दोनशे वर्षांची खेडी दिसली. संगणकाच्या तनयनं पानं मोजली आणि म्हणाला, “गुरुजी, एवढा डेटा तुमच्याकडे कपाटात आहे?” गुरुजींना तो शब्द खटकला. पण पोरगा सरळ होता, आणि स्वतःच्या मुलानं पुण्याहून फोनवर हाच शब्द वापरला होता, म्हणून त्यांनी तो गिळला.

बेत असा होता. वह्यांच्या पानांचे फोटो घ्यायचे. गुरुजींनी पान समोर ठेवून मोठ्यानं वाचायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं. मग विद्यार्थी ते ऐकून ओळीला ओळ जुळवणार, जी जुळणार नाही ती सोडून देणार, आणि ते सगळं यंत्राला शिकवलं, की यंत्र उरलेल्या वह्या आपली आपण वाचणार. गुरुजी लगेच हो म्हणाले, याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काचबिंदूनं डावा डोळा गेल्यात जमा होता. मुलाला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. आपण गेलो की एकशे चौदा वह्या मुक्या होतील, ही धास्ती त्यांनी तीन वर्षं मनात बाळगली होती.

“कसं वाचू?” त्यांनी पहिल्या दिवशी माईकसमोर बसून विचारलं.

“तुम्ही नेहमी वाचता ना, गुरुजी, अगदी तसंच वाचा,” तनय म्हणाला. “मुद्दाम काही करू नका.”

गुरुजींनी मुद्दाम काही केलं नाही. पाच महिने, आठवड्यातून चार दिवस, सकाळी दहा ते एक, ते यजमानाला वाचून दाखवावं तसं यंत्राला वाचून दाखवत राहिले. मांडी घालून, पळीपंचपात्र बाजूला सारून, मध्ये एकदा गूळपाणी घेऊन. यंत्र त्यांना चांगला श्रोता वाटलं. घाई करत नव्हतं आणि दक्षिणेवरून घासाघीस करत नव्हतं.

परीक्षेचा दिवस आला तेव्हा यंत्रानं कधी न पाहिलेली पानं धडाधड वाचली. मोडी वाचली, बाळबोध वाचलं, आजोबांचं मुंगीच्या पायाएवढं अक्षरही वाचलं. केंद्रात पेढे वाटले गेले. पण तनयचं तोंड पडलं होतं. यंत्र मध्येच ओळी गाळत होतं. पान स्वच्छ, शाई ठळक, अक्षर सोपं, तरी एखादी ओळ नसल्यासारखी पुढे जात होतं. त्यानं तीन आठवडे डोकं फोडलं. कॅमेरा बदलला, उजेड बदलला, विद्यार्थ्यांना झापलं. शेवटी हात टेकून त्यानं गाळलेल्या सगळ्या ओळी छापून मृण्मयीच्या टेबलावर ठेवल्या. दोनशे अकरा भरल्या.

मृण्मयीला तासाभरात टिंब दिसलं. त्याचा अर्थ मात्र तिला लागेना, म्हणून ती कागद घेऊन पंचवटीत आली.

गुरुजी कागद बघत राहिले आणि मग खो खो हसले. इतके, की संध्याताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“अगं, ती चूक नाही,” ते म्हणाले. “ते यंत्र भीड शिकलं! या ओळी वाचायच्याच नसतात. मला चार वर्षं लागली आणि त्यानं पाच महिन्यांत उचललं.”

“गुरुजी, म्हणजे तुम्ही आम्हांला वाचून दाखवतानाही त्या गाळल्यात?”

“नेहमी वाचता तसंच वाचा, असं तनयच म्हणाला होता.”

“म्हणजे तुमच्यासारखंच गप्प बसायला शिकलं तर,” एवढं बोलून संध्याताई पुन्हा आत गेल्या.

पुढचे काही दिवस गुरुजी हवेत होते. घाटावर, दूधवाल्यापाशी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे त्यांनी हा किस्सा सांगितला. लोखंडी यंत्राला सभ्यपणा शिकवणारा पहिला भिक्षुक म्हणून आपलं नाव राहील, असंही एकदा म्हणून झालं. विद्यापीठात मात्र त्यावर दोन बैठका झाल्या. तनयच्या मते यंत्र अर्धं शिकलं होतं. इतिहास विभागाच्या मते गाळलेल्या ओळींतच खरा इतिहास होता. ललितकलेच्या प्राध्यापकांनी टिंबाच्या आकारावर वीस मिनिटं भाषण केलं. गुरुजी आधी अडून बसले. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं आहे, ते उद्या मोबाईलवर गावभर व्हायचं, हे त्यांना पटेना. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि मृण्मयीनं ते मान्यही केलं. शेवटी ठरलं ते असं, की गुरुजींनी या ओळी वाचायच्या, यंत्रानं त्या शिकायच्या, पण नावं बंद ठेवायची. त्या घराण्याचा माणूस येऊन विचारेल तेव्हाच त्याला त्याच्यापुरतं दाखवायचं.

म्हणून एका मंगळवारी गुरुजी पुन्हा माईकसमोर बसले. या वेळी विद्यापीठात, काचेच्या खोलीत. विद्यार्थी टिंबाच्या ओळी पडद्यावर मोठ्या करून एकेक दाखवत होते. मृण्मयी शेजारी बसली होती. पहिल्या दिवशी गुरुजींची जीभ अडखळत होती. बेचाळीस वर्षं जिथे पाय द्यायचा नाही तिथेच पाय द्यायचा, असं ते काम होतं. दुसऱ्या दिवशी सराव झाला आणि आवाज नेहमीसारखा लागला. सुना, मुलगे, लेकी, एकामागून एक बाहेर येत होत्या. बहुतेक ओळी आजोबा-वडिलांच्या हातच्या.

जेवणाच्या सुट्टीआधी पडद्यावर एक ओळ आली, साधी, बाळबोध, बॉलपेननं लिहिलेली. गुरुजी वाचू लागले.

“सन दोन हजार तीन, सिंहस्थ, श्रावण. काळू सावळीराम उगले स्वतः आला. बायको जमनाबाई, मुलगे दोन, महेश व राजू. मुक्काम बिलिमोरा, लाकडाच्या वखारीत कामाला. भाऊ ओळख देत नाही. बहीण बया सायखेडे येथे दिली आहे. ती आली तर पत्ता सांगणे.”

आणि ते थांबले. मृण्मयी वाट बघत राहिली. पुढची ओळ पडद्यावर आली, तरी ते बोलेनात.

“अक्षर लागत नाही का, गुरुजी?”

“लागतंय,” गुरुजी म्हणाले. “माझंच आहे.”

त्यांना काळूचा चेहरा आठवेना. सिंहस्थाच्या त्या गर्दीत त्यांनी आठवड्यात चारशे नोंदी लिहिल्या होत्या. कुणीतरी साठच्या आतला माणूस ओला टॉवेल खांद्यावर टाकून समोर बसला असेल, बोलला असेल, त्यांनी मान वर न करता लिहिलं असेल. मग मागचं पान पाहिलं असेल, काळूच्या नावाला टिंब दिसलं असेल, आणि घरच्या रीतीनं या ओळीलाही टिंब दिलं असेल. टिंब दिलं, तिथेच ती ओळ त्यांच्यापुरती संपली. २०१४ साली बयाबाई विचारत होत्या तेव्हा हेच पान त्यांच्या मांडीवर उघडं होतं. त्यांनी ‘सगळी’ म्हटलं तेव्हा ही ओळ त्यांच्या बोटापासून चार अंगुळांवर असणार. त्यांनी माईक बाजूला सारला.

मृण्मयीनं खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. ती ऐकून घेऊन उठली, तनयला बरोबर घेऊन फोनवर बसली. बिलिमोऱ्यातल्या वखारी फार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी महेश उगलेचा नंबर मिळाला. तो गुजराती वळणाची मराठी बोलत होता. वडील चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, करोनात गेले, असं त्यानं सांगितलं. सायखेड्याचं नाव काढताच तो म्हणाला, “हां, आमची बयाआत्या. पप्पा बोलायचे, नाशिकला लिहून आलोय, कळेल तिला.”

हे मृण्मयीनं गुरुजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उगल्यांची वही कपाटातून काढली, पंच्यात गुंडाळली आणि कापडी पिशवीत घातली. वही घराबाहेर न्यायची नाही हा पाराशऱ्यांचा कडक नियम. एकोणसत्तरच्या महापुरात पाणी दारात आलं तेव्हा घरचे लोक वह्या डोक्यावर घेऊन निघाले होते, तेवढाच अपवाद. मृण्मयी म्हणाली, मी गाडीनं येते. तनय म्हणाला, फोटो आहे, फोनवर पाठवता येईल. गुरुजींनी दोघांनाही नको म्हटलं आणि सायखेड्याची एस.टी. धरली.

यजमानाकडे तीर्थोपाध्याय स्वतः चालत येतो, हे गावाला नवीन होतं. बयाबाईंची सून तेजस्विनी घाईघाईनं खुर्ची घेऊन आली आणि पंखा लावू लागली. बयाबाई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दृष्टी अजून ठणठणीत. त्यांनी गुरुजींना ओळखलं, सूप बाजूला सारलं आणि पदर डोक्यावर घेतला.

“कोन गेलं, गुरुजी?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“तुमच्या माहेरची एक नोंद वाचायची राहिली होती,” गुरुजी म्हणाले. वाटेत त्यांनी मनात बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एवढंच बाहेर पडलं. त्यांनी खुर्ची सोडली, खाली मांडी घातली, वही उघडली आणि वाचलं. आवाज भारदस्त नव्हता. शेवटच्या वाक्यावर तो फाटला.

बयाबाईंचे हात मांडीवर तसेच राहिले.

“पुन्यांदा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. तेजस्विनी दारात उभी होती, ती आत गेली नाही.

“कवाचं हे?”

“दोन हजार तीनचं.”

“निवृत्तीदादाच्या वक्ताला व्हतं म्हनजे.”

“होतं.”

“मंग काळू हाय का?”

“नाही, बयाबाई. चार वर्षांपूर्वी गेला. मुलं आहेत त्याची, तिथेच. मी बोलणं करून देतो. त्यांना तुमचं नाव माहीत आहे.”

बयाबाई रडल्या नाहीत. मांडीवर पडलेली शेंगांची टरफलं त्यांनी एकेक वेचून सुपात टाकली. गुरुजींना ते सोसेना, म्हणून ते बोलू लागले. वडिलांपासूनची रीत सांगितली, टिंब सांगितलं, तुमच्या आबांनीच नाव घेऊ नका म्हटलं होतं ते सांगितलं. सिंहस्थातली गर्दी सांगितली. त्या ओळीवर नजर थांबतच नाही हो, सवय लागते, असंही म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, तरी एकेक कारण बाहेर पडल्यावर त्यांना स्वतःलाच तकलादू वाटू लागलं.

बयाबाई वाकल्या. उघड्या पानावर त्यांनी हात ठेवला, भलत्याच ओळीवर.

“मला वाचता येत नाय, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “तुमाला येत व्हतं.”